हजेरी

आमच्या घरात सगळे एक जूनला जन्मले.
आजोबा, दोन काका, वडील, मीसुद्धा.
शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, कधीचा?
बाप म्हणायचा, थंडीतला असंल.
गुरुजी लिहायचे, एक जून.
पुढे मी त्याच शाळेत क्लार्क लागलो
आणि जनरल रजिस्टरच्या पिवळ्या पानांवर
अख्खी साखर पेठ एका दिवसात बाळंत झालेली पाहिली.

आजीचं तेवढंही नाही.
मेरगू पोचव्वा. पुढचा रकाना कोरा.
मिलच्या मस्टरवर एक अंगठा,
विडी कारखान्याच्या वहीत दुसरा,
दोन्ही शाईत बुडालेले, रेघ म्हणून दिसत नाही.
घरचे सांगायचे, तिचे आईबाप करीमनगरहून चालत निघाले,
वाटेत मेले.
कुठल्या वाटेत, हे कुणी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर पुतणीने हैदराबादहून नळी पाठवली.
देवघराकडे पाठ करून मी तिच्यात थुंकलो.
दोन महिन्यांनी उत्तर आलं:
चारशे बारा सेंटिमॉर्गन.
सुताचा काउंट मला कळतो. हे कळेना.
करीमनगरचं कुणी नव्हतं त्यात.
होते यमनप्पा जाधव, एसटीतले कंडक्टर, रिटायर,
मुक्काम सेटलमेंट, सोलापूर.
आमच्या दारापासून रिक्षाचे चाळीस रुपये.

अभिलेख कक्षात हिरेमठ गुरुजींनी मोडी लावली,
बोट ठेवत, एकेक ओळ:
मानमोडीची साथ. तारेच्या आतली माणसं,
ज्यांना सरकारने पाळण्यातच गुन्हेगार लिहिलं.
जाधव रामा, मयत. बायको, मयत.
मुलगा, वय सात, हजर.
मुलगी, वय अंदाजे तीन, नाव नाही, मयत.
गुरुजी थांबले. चष्मा पुसला.
म्हणाले, या शेवटच्या मयतची शाई निराळी दिसते.

त्या तारेपासून आमच्या गल्लीपर्यंतचं पान
कुठल्याच दप्तरात नाही.
कुणी काढली तिला, दयेने की पैशाने,
भोंग्याच्या आधी की नंतर.
थोरला म्हणाला, गप बस आता. नातीची सोयरीक ठरतीय.

मी गप बसलो. पण दिवेलागण आठवली.
आजी आम्हा अकराजणांना ओट्यावर ओळीत उभं करायची,
तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू,
पदकोंडू झाल्याशिवाय चूल पेटत नसे.
एकदा मी बॉबिनच्या पेटीत लपलो.
सापडलो तेव्हा तिने मारलं नाही.
नुसती माझं मनगट धरून उभी राहिली, किती तरी वेळ,
कुणीतरी येऊन बघेल म्हणून थांबल्यासारखी.
आम्ही त्याला माया म्हणायचो.

हे यमनप्पांना सांगितलं. समोर कडक भाकरी, शेंगाचटणी,
वर तेलाची धार. त्यांनी घास खाली ठेवला.
माझा बाप उलटा, म्हणाले.
कुणी मोजायला लागलं की उठून जायचा.
पंगतीतली पानं मोजली तरी.
शिरगणतीवाला आला की मागच्या दाराने.
आणि मी बघा, चौतीस वर्षं
तुळजापूरच्या गाडीत माणसंच मोजत होतो.
मग हसले. हसताना त्यांचा एक डोळा बारीक झाला,
आणि मी पटकन पाण्याचा तांब्या उचलला.

नाव काय होतं तिचं? मी विचारलं.
बाप सांगायचा, एक बहीण होती.
तेवढंच. मग तंबाखू मळायचा.

घरी येऊन वंशावळीचा कागद पसरला.
पोचव्वाच्या वर एक चौकट रिकामी,
आणि आत, पोचव्वा होण्याआधीची ती.
हाताला सवय, मी एक जून लिहून बसलो.
खोडलं. रबराचा भुगा फुंकला.
खाली पेन्सिलीनेच लिहिलं,
थंडीतली असंल.